व्हीलॅन-बोगदा : एका तारेवर अनेक जाळी

संगणकांची जाळी हा आज शाळा, ग्रंथालये, रुग्णालये, बँका व सरकारी कचेऱ्या ह्या सर्वांच्या नित्य व्यवहाराचा भाग झालेला आहे. एका इमारतीत जाळे उभारणे हे त्या त्या संस्थेच्या हातातील काम होय. परंतु त्याच संस्थेची दुसरी इमारत शहराच्या दुसऱ्या टोकास असली, तर मधल्या रस्त्यांखालून स्वतःची तार टाकणे तिला सहसा परवडत नाही. ज्या कंपनीची तार त्या मार्गाने आधीच गेलेली असते, तिच्याकडून वाहतुकीची सोय भाड्याने घ्यावी लागते. अशा वाहक कंपनीच्या एकाच तारेवरून अनेक संस्थांचे संदेश धावत असतात. एकाचा संदेश दुसऱ्याच्या घरी जाता कामा नये. आणि कोणत्याही संस्थेस आपल्या जाळ्याची अंतर्गत मांडणी वाहकासाठी बदलावी लागता कामा नये. ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधण्याची जी रीत आहे, तिला व्हीलॅन-बोगदा म्हणतात. ही रीत कोणत्या तत्त्वावर चालते, स्विचांवर तिची जुळणी कशी करावयाची आणि जुळणीत कोठे दक्षता घ्यावयाची, ते आपण क्रमाने पाहू.

फ्रेम आणि स्विच

स्थानिक जाळ्यात संगणक एकमेकांशी बोलतात ते बहुधा ईथरनेट ह्या पद्धतीने. अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात रॉबर्ट मेटकाफ ह्यांनी १९७३ साली ह्या पद्धतीची कल्पना मांडली. ईथरनेटवर संदेश सलग पाठविला जात नाही. त्याचे ठराविक बांधणीचे तुकडे करतात. अशा तुकड्यास फ्रेम म्हणतात. फ्रेमच्या आरंभी ज्या यंत्राकडे जावयाचे त्याचा पत्ता ६ बाइटांत लिहिलेला असतो, त्यानंतर पाठविणाऱ्या यंत्राचा पत्ता तितक्याच बाइटांत येतो. पुढे आतील मजकूर कोणत्या जातीचा आहे हे सांगणारे २ बाइट, मग जास्तीत जास्त १५०० बाइटांचा मजकूर आणि अखेरीस वाटेत काही बिघाड झाला की काय हे ताडण्यासाठी ४ बाइटांचा तपासणी-अंक असतो. ह्या सर्वांची बेरीज केली, तर सर्वांत मोठी साधी फ्रेम १५१८ बाइटांची भरते. हा आकडा ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

अनेक तारा जेथे एकत्र येतात तेथे स्विच नावाचे यंत्र बसवितात. तार जोडण्याच्या त्याच्या प्रत्येक खाचेस पोर्ट म्हणतात. आलेल्या फ्रेमवरील पाठविणाऱ्याचा पत्ता स्विच वाचतो आणि तो पत्ता कोणत्या पोर्टाकडे आहे ह्याची नोंद आपल्या तक्त्यात करून ठेवतो. पुढे त्या पत्त्यावर जाणारी फ्रेम आली, म्हणजे ती तेवढ्याच पोर्टातून बाहेर सोडतो. पत्ता तक्त्यात नसेल, तर मात्र फ्रेम जेथून आली ते पोर्ट सोडून बाकी सर्व पोर्टांतून तो तिच्या प्रती पाठवितो. सर्वांसाठी असलेल्या हाकेचेही तो असेच करतो.

व्हीलॅन म्हणजे काय?

एका महाविद्यालयात कार्यालय, ग्रंथालय व प्रयोगशाळा ह्यांचे संगणक एकाच स्विचास जोडलेले आहेत असे समजा. कार्यालयातील हिशेबाच्या फ्रेम प्रयोगशाळेपर्यंत पोहोचणे इष्ट नाही. प्रत्येक विभागास वेगळा स्विच व वेगळी तार घेतली तर प्रश्न सुटतो, पण खर्च वाढतो. त्याऐवजी एकाच स्विचाचे काल्पनिक भाग पाडता येतात. ही आठ पोर्टे कार्यालयाची, ही आठ ग्रंथालयाची, असे स्विचास सांगितले की तो एका भागातील फ्रेम दुसऱ्या भागात जाऊ देत नाही. अशा प्रत्येक भागास आभासी स्थानिक जाळे, अर्थात व्हीलॅन, म्हणतात. अमेरिकेतील बेलकोर ह्या संशोधनसंस्थेत डब्ल्यू. डेव्हिड सिंकॉस्की ह्यांनी १९८०च्या दशकात ह्या कल्पनेचा पाया घातला.

महाविद्यालयात दोन स्विच असले आणि त्यांना जोडणारी तार एकच असली, तर त्या तारेवरून सर्व विभागांच्या फ्रेम जाणार. पलीकडच्या स्विचाने कोणती फ्रेम कोणत्या विभागाची हे कसे ओळखावे? त्यासाठी फ्रेमला एक खूणचिठ्ठी लावतात. इंग्रजीत तिला टॅग हे नाव आहे, आणि आपल्याकडील तंत्रज्ञही तोच शब्द वापरतात. आय-ट्रिपल-ई ह्या अभियंत्यांच्या संस्थेने १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या ८०२.१क्यू ह्या मानकात टॅगची बांधणी ठरवून दिली आहे. टॅग ४ बाइटांचा म्हणजे ३२ बिटांचा असतो व तो पाठविणाऱ्याच्या पत्त्यानंतर लगेच घातला जातो. त्यातील पहिले १६ बिट ‘हा टॅग आहे’ एवढेच सांगतात. त्यांचे मूल्य सोळाच्या पायावर ८१०० असे लिहितात. पुढील ३ बिट फ्रेमची निकड दर्शवितात. त्यानंतरचा १ बिट, गर्दी झाल्यास ही फ्रेम आधी टाकून देण्यास हरकत नाही, हे सांगण्यासाठी वापरतात. उरलेल्या १२ बिटांत व्हीलॅनचा क्रमांक असतो. टॅग घातल्यामुळे फ्रेम बदलते, म्हणून तपासणी-अंक नव्याने काढावा लागतो.

ज्या तारेवरून अनेक व्हीलॅनच्या फ्रेम टॅगसह जातात तिला ट्रंक म्हणतात. ज्या पोर्टास साधा संगणक जोडतात त्या पोर्टातून मात्र टॅग काढूनच फ्रेम बाहेर सोडतात.

एकच क्रमांक, दोन मालक

१२ बिटांत ४०९६ संख्या मावतात. त्यांपैकी ० व ४०९५ ह्या राखीव असल्याने वापरावयास ४०९४ क्रमांक उरतात. एका महाविद्यालयास हे भांडार कधीही संपणार नाही. परंतु वाहक कंपनीची गोष्ट वेगळी आहे.

समजा, एका शहरातील महाविद्यालयाच्या दोन इमारती आहेत, एक पूर्वेस व दुसरी पश्चिमेस. त्याने कार्यालयास १०, ग्रंथालयास २० व प्रयोगशाळेस ३० असे क्रमांक दिले आहेत. त्याच शहरात एका रुग्णालयाच्याही पूर्वेस व पश्चिमेस दोन इमारती आहेत आणि त्यानेही नोंदणीस १०, औषधालयास २० व क्ष-किरण विभागास ३० हेच क्रमांक निवडले आहेत. दोघांनीही एकाच वाहकाकडून वाहतूक घेतली. वाहकाच्या स्विचापुढे ३० क्रमांकाचा टॅग असलेली फ्रेम आली, तर ती प्रयोगशाळेची समजावयाची की क्ष-किरण विभागाची?

एक उपाय असा की वाहकाने सर्व ग्राहकांत क्रमांकांची वाटणी करावी. परंतु तसे केल्यास रुग्णालयाने एक नवा विभाग उघडला की वाहकाची परवानगी मागावी लागणार. प्रत्येक ग्राहकाने शंभर क्रमांक मागितले, तर ४०९४ क्रमांक चाळीस ग्राहकांतच संपणार. थोडक्यात, एकाच क्रमांकावर दोघांनी मालकी सांगितली की भांडण अटळ आहे. तेव्हा क्रमांक वाटण्यापेक्षा दोघांच्या क्रमांकांची क्षेत्रेच वेगळी करणे हा खरा मार्ग होय.

टॅगवर टॅग

टपालखात्यात एका ठिकाणी जाणारी पत्रे एका थैलीत घालून थैलीच्या तोंडाशी लेबल बांधतात. वाटेतील माणसे थैलीचे लेबल पाहून ती पुढे धाडतात. आतल्या पाकिटांवर काय लिहिले आहे ह्याची त्यांना गरज पडत नाही. मुक्कामी थैली उघडली म्हणजे पाकिटांवरील पत्ते पुन्हा कामास येतात.

व्हीलॅन-बोगद्यात हेच घडते. ग्राहकाची फ्रेम वाहकाच्या पहिल्या स्विचात शिरली की तिच्यावरील टॅग न वाचता, न बदलता, त्याच्या अगोदर वाहकाचा स्वतःचा दुसरा टॅग घातला जातो. महाविद्यालयासाठी वाहकाने १०१ व रुग्णालयासाठी १०२ हा क्रमांक ठरविला असेल, तर प्रयोगशाळेच्या फ्रेमवर बाहेर १०१ व आत ३० असे दोन टॅग होतील; क्ष-किरण विभागाच्या फ्रेमवर बाहेर १०२ व आत ३०. मधले स्विच केवळ बाहेरचा टॅग पाहतात. पलीकडच्या टोकास बाहेरचा टॅग काढून घेतला जातो व फ्रेम जशी दिली होती तशीच ग्राहकाच्या हाती पडते. महाविद्यालयास आपल्या दोन इमारती जणू एकाच तारेने जोडल्यासारख्या भासतात. मधले स्विच त्यास दिसतच नाहीत. म्हणूनच ह्या रीतीस बोगदा हे नाव मिळाले.

एका ८०२.१क्यू टॅगाच्या पोटात दुसरा, म्हणून तंत्रज्ञ हिला क्यू-इन-क्यू असेही म्हणतात. प्रारंभी कंपन्यांनी ही सोय आपापल्या परीने केली होती. पुढे २००५ साली ८०२.१एडी ह्या मानकास मान्यता मिळाली व बाहेरच्या टॅगाची ओळख ८८ए८ ह्या मूल्याने करावयाची असे ठरले. वाहकास आता ४०९४ ग्राहक घेता येतात आणि प्रत्येक ग्राहकास स्वतःचे पूर्ण ४०९४ क्रमांक वापरता येतात. दोन्ही मिळून १,६७,६०,८३६ जोड्या होतात.

जुळणीचा क्रम

निरनिराळ्या कंपन्यांच्या स्विचांवर आज्ञांचे शब्द वेगळे असतात, परंतु करावयाच्या गोष्टी त्याच असतात. आपल्या उदाहरणात वाहकाचे तीन स्विच धरू : पूर्वेचा, मधला व पश्चिमेचा.

१. प्रथम प्रत्येक ग्राहकास बाहेरचा क्रमांक नेमून द्यावा व तो नोंदवहीत लिहावा. महाविद्यालय १०१, रुग्णालय १०२. हे दोन्ही व्हीलॅन तिन्ही स्विचांवर निर्माण करावेत.

२. पूर्वेच्या व पश्चिमेच्या स्विचावर महाविद्यालयाची तार ज्या पोर्टात येते ते बोगदा-पोर्ट करावे व त्यास १०१ हा क्रमांक द्यावा. सिस्को कंपनीच्या अनेक स्विचांवर ह्या प्रकारच्या पोर्टास ‘डॉटवनक्यू-टनेल’ असे नाव आहे. रुग्णालयाच्या पोर्टांस १०२ द्यावा. येथे एक गोष्ट नवख्यास बुचकळ्यात टाकते. तारेच्या ग्राहकाकडील टोकाचे पोर्ट हे ट्रंकच राहते, वाहकाकडील टोकाचे मात्र बोगदा-पोर्ट होते. इतरत्र दोन्ही टोकांची जुळणी सारखी असावी लागते. येथे ती जाणूनबुजून विषम असते.

३. वाहकाच्या स्विचांना एकमेकांशी जोडणाऱ्या तारा ट्रंक कराव्यात व त्यांवर १०१ आणि १०२ ह्या व्हीलॅनना वाट द्यावी.

४. बाहेरच्या टॅगाचे ओळखमूल्य सर्व स्विचांवर एकच ठेवावे. जुनी यंत्रे ८८ए८ ऐवजी ८१०० किंवा ९१०० वापरतात. एका स्विचाने एक मूल्य लिहिले आणि पुढच्याने दुसऱ्याची वाट पाहिली, तर तो टॅगास टॅग म्हणून ओळखणार नाही.

५. फ्रेमच्या कमाल आकाराची मर्यादा वाढवावी.

६. ग्राहकाच्या स्विचांचे आपसातील नियंत्रण-संदेश बोगद्यातून जावयाचे की नाहीत हे ठरवून तशी योजना करावी.

७. शेवटी परीक्षा घ्यावी. ग्राहकाच्या प्रत्येक व्हीलॅनमधून आधी लहान व मग पूर्ण आकाराच्या फ्रेम पाठवून त्या पलीकडे पोहोचतात हे पाहावे. तसेच महाविद्यालयाची एकही फ्रेम रुग्णालयाच्या पोर्टावर दिसत नाही ह्याचीही खात्री करावी. पोहोचण्याची परीक्षा सगळेच घेतात. न पोहोचण्याची परीक्षा राहून जाते.

दक्षतेची तीन स्थळे

ह्या क्रमातील तीन पायऱ्यांचा अधिक विचार केला पाहिजे, कारण तेथे झालेली चूक लगेच दिसून येत नाही.

पहिले स्थळ : टॅगविना जाणारा व्हीलॅन. ट्रंकवर सर्व फ्रेमना टॅग लागतो असे आपण वर म्हटले, परंतु त्यास एक अपवाद आहे. प्रत्येक ट्रंकवर एक व्हीलॅन असा नेमता येतो की ज्याच्या फ्रेम टॅग न लावताच जातात. त्यास नेटिव्ह व्हीलॅन म्हणतात. समजा, पूर्वेचा व मधला स्विच ह्यांच्यामधील ट्रंकवर नेमका १०१ हाच नेटिव्ह ठेवला गेला. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेची फ्रेम आतला ३० हा टॅग घेऊन पूर्वेच्या स्विचात आली. स्विचाच्या दृष्टीने ती १०१ ची झाली. ट्रंकवर सोडताना, १०१ हा नेटिव्ह असल्यामुळे, त्याने बाहेरचा टॅग लावलाच नाही. मधल्या स्विचास दिसला तो केवळ ३०. त्याने तो वाहकाचाच ३० समजला. वाहकाने ३० हा क्रमांक तिसऱ्याच एखाद्या ग्राहकास दिला असेल, तर ती फ्रेम त्याच्या दारी जाईल. थैलीचे लेबल बांधावयाचे राहिले आणि आतल्या पाकिटावरील आकडाच लेबल म्हणून वाचला गेला, असा हा प्रकार आहे. ह्यावर उपाय दोन आहेत. वाहकाच्या ट्रंकवर नेटिव्ह व्हीलॅनच्या फ्रेमनाही टॅग लावावयाची आज्ञा द्यावी. आणि नेटिव्हसाठी असा क्रमांक राखून ठेवावा की जो कोणत्याही ग्राहकास कधीही दिला जाणार नाही. दोन्ही उपाय एकत्र योजणे शहाणपणाचे.

दुसरे स्थळ : चार बाइटांचे ओझे. सर्वांत मोठी साधी फ्रेम १५१८ बाइटांची. एका टॅगाने ती १५२२ ची व दोन टॅगांनी १५२६ ची होते. वाहकाच्या स्विचाची मर्यादा १५२२ वरच राहिली, तर पूर्ण भरलेली फ्रेम तो टाकून देईल आणि ग्राहकास काहीही कळविणार नाही. लक्षणे मोठी फसवी असतात. जोडणी जिवंत आहे की नाही हे पाहण्यासाठी पाठविलेले छोटे संदेश बिनचूक जातात व परत येतात. मोठे चित्र किंवा लांब अहवाल पाठवू लागले की काम अडते. रुग्णालयात रुग्णाचे नाव पोहोचावे आणि क्ष-किरणचित्र पोहोचू नये, असा अनुभव येईल. काही सिस्को स्विचांवर ही मर्यादा मजकुराच्या मापाने सांगतात. तेथे १५०० च्या जागी निदान १५०४ लिहावे लागते. वाटेतील एकही स्विच ह्यातून सुटता कामा नये.

तिसरे स्थळ : चक्र. ईथरनेटच्या फ्रेमवर तिने किती टप्पे ओलांडले ह्याची नोंद नसते. त्यामुळे जाळ्यात वर्तुळ तयार झाले तर फ्रेम त्यात अखंड फिरत राहतात, सर्वांसाठीच्या हाकांच्या प्रती वाढत जातात व थोड्याच वेळात सारे जाळे ठप्प होते. हे टाळण्यासाठी स्विच आपसात नियंत्रण-संदेश पाठवून वर्तुळाचा एक दुवा बंद ठेवतात. ही स्पॅनिंग ट्री नावाची पद्धत रॅडिया पर्लमन ह्यांनी १९८५ साली दिली. आता महाविद्यालयाने सुरक्षिततेसाठी दोन बोगदे घेतले आणि वाहकाच्या स्विचाने हे नियंत्रण-संदेश पलीकडे न नेता स्वतःच गिळले, तर दोन्ही इमारतींतील स्विचांना वर्तुळ असल्याचे कळणारच नाही. ८०२.१एडी मानकाने ह्याची व्यवस्था केली आहे. ग्राहकाचे नियंत्रण-संदेश ज्या विशेष पत्त्यावर जातात, त्याचा शेवटचा बाइट ०० असतो. वाहकाच्या स्विचांनी आपसातील संदेशांसाठी शेवटचा बाइट ०८ असलेला निराळा पत्ता वापरावयाचा व ग्राहकाचे संदेश न उघडता पुढे सोडावयाचे. जुन्या स्विचांवर मात्र ह्यासाठी वेगळी आज्ञा द्यावी लागते.

बोगदा म्हणजे कुलूप नव्हे

बोगदा ह्या शब्दाने एक गैरसमज होण्याचा संभव आहे. बोगद्यातून जाणारी गाडी बाहेरच्यास दिसत नाही, म्हणून व्हीलॅन-बोगद्यातील मजकूरही गुप्त राहतो असे कोणी समजेल. तसे मुळीच नाही. बाहेरचा टॅग फ्रेम कोणाची हे सांगतो. तो मजकूर झाकत नाही. टपालाच्या थैलीस निदान मोहर असते. येथे तीही नाही. वाहकाच्या तारेवर कान लावून बसलेल्यास आतील सर्व काही वाचता येते. वेगळेपणा आणि गुप्तता ह्या दोन निराळ्या वस्तू आहेत. रुग्णांची माहिती किंवा पैशांचे व्यवहार पाठवावयाचे असतील, तर मजकूर सांकेतिक लिपीत बदलूनच बोगद्यात सोडावा. ईथरनेटच्या फ्रेमसाठी अशी सोय ८०२.१एई ह्या मानकात २००६ साली करून दिलेली आहे.

दुसरी मर्यादा तक्त्याची. वाहकाचे स्विच ग्राहकाच्या आतल्या टॅगाकडे पाहत नसले, तरी ग्राहकाच्या प्रत्येक यंत्राचा पत्ता त्यांच्या तक्त्यात जातोच. हजारो यंत्रांचे ग्राहक वाढले की तक्ता भरतो. मग अनोळखी पत्त्याच्या फ्रेम त्या ग्राहकाच्या सर्व ठिकाणी पसरवाव्या लागतात. ह्यावर तोडगा म्हणून २००८ सालच्या ८०२.१एएच मानकाने ग्राहकाची संपूर्ण फ्रेम, पत्त्यांसकट, दुसऱ्या फ्रेममध्ये गुंडाळण्याची रीत घालून दिली व ग्राहकाच्या सेवेसाठी २४ बिटांचा क्रमांक दिला. २०१४ साली वर्णिलेल्या व्हीएक्सलॅन ह्या पद्धतीतही २४ बिटांचाच क्रमांक आहे. तीत १,६७,७७,२१६ संख्या मावतात. साधने बदलली, तरी गुंडाळून नेणे व मुक्कामी उलगडणे हे मूळ तत्त्व तेच राहिले.

सारांश

दोन संस्थांनी एकाच मार्गाने जावयाचे असेल, तर प्रत्येकीने दुसरीच्या सोयीने वागले पाहिजे असे नाही. आतल्या क्रमांकांवर ग्राहकाची सत्ता व बाहेरच्या क्रमांकावर वाहकाची, एवढी मर्यादा दोघांनी पाळली म्हणजे पुरे. परंतु ही व्यवस्था एका अटीवर उभी आहे : वाहकाच्या हद्दीत शिरताना प्रत्येक फ्रेमला बाहेरचा टॅग लागलाच पाहिजे, मधल्या प्रत्येक तारेवर तो राहिलाच पाहिजे, आणि बाहेर पडताना तोच निघाला पाहिजे. जुळणी करणाऱ्याने तिन्ही ठिकाणी स्वतः पाहून खात्री केली, म्हणजे महाविद्यालयाचे काम महाविद्यालयात व रुग्णालयाचे रुग्णालयात राहील.

अभ्यासासाठी प्रश्न

१. १२ बिटांत ४०९६ संख्या मावत असता व्हीलॅनसाठी ४०९४ क्रमांकच का मिळतात?

२. दोन टॅग असलेल्या फ्रेममध्ये १५०० बाइटांचा मजकूर आहे. फ्रेमची एकूण लांबी भाग पाडून मांडा.

३. आपल्या उदाहरणात रुग्णालयाने टॅगविना फ्रेम पाठविली, तर मधल्या स्विचास तिच्यावर किती टॅग दिसतील व कोणते?

४. छोटे संदेश पोहोचतात, मोठे पोहोचत नाहीत, अशी तक्रार आली. सर्वप्रथम काय तपासाल, आणि कोणकोणत्या स्विचांवर?